सहावं मशीन

"काठ धरताना पात अशी आतल्या अंगाला मोडायची, नाहीतर पुढे…" एवढं बोलून कालोलाइने थांबली. समोरच्या पडद्यावर ऑकलंडच्या चौदा बायका तोंडाला हात लावून हसत होत्या.

"काय झालं गं?"

"आई, तू अडकलीस," पडद्यातून तिची मुलगी फिपे म्हणाली. "आवाज येतोय, पण चेहरा मघापासून तसाच आहे. तोंड उघडं, डोळे अर्धे मिटलेले."

"तसाच म्हणजे कसा?"

फिपेनं तोंडावर हात धरला. मागून कुणीतरी म्हणालं, "जांभई देणाऱ्या डुकरिणीसारखा," आणि मग फिपेलाही हसू आवरलं नाही.

कालोलाइनेनं हात लांब करून लॅपटॉप मिटला. तिच्या ओसरीवर विणायला बसलेल्या नऊ बायकांनी माना खाली घातल्या. केतकीच्या पातींवरून बोटं भराभर फिरत होती, पण खांदे हलत होते. सगळ्यांत जास्त हलत होते ते तिच्या भावजयीचे, टेलेसियाचे.

"हसून घ्या," कालोलाइने म्हणाली. "मग चटईचे काठ सुटले की रडायला वेळ पुरेल."

अडुसष्ट वर्षांची बाई. शाळेत तीन वर्षं गेली आणि त्यातलं दीड वर्ष डुकरं हाकण्यात. पण देवळात किंवा मानाच्या कामाला जाताना कमरेला चटई गुंडाळायची ही बेटाची रीत, आणि सरदाराच्या लग्नात नवरदेवाच्या कमरेला जी चटई होती ती तिच्या हातची, हे बेटावर शेंबड्या पोरालाही ठाऊक. आता तिकडे ऑकलंडमध्ये जन्मलेल्या मुलींना पात कशी धरायची हेही कळेना, म्हणून फिपेनं गेल्या वर्षी इंटरनेटची गोल थाळी धाडली. ती कालोलाइनेच्या छपरावर बसवली, घरात एक पांढरी डबी लावली, आणि दर बुधवारी दहा वाजता इकडच्या बायका आणि तिकडच्या बायका समोरासमोर बसून विणू लागल्या. मधोमध कालोलाइने. एप्रिलपासून बुधवारमागून बुधवार ती अशी मधोमध अडकत होती.

"कुणीतरी आपलं इंटरनेट चोरतंय," ती म्हणाली.

त्या दिवशी दुपारीच तिनं नेइआफू शहरातून आनितोनीला बोलावून घेतलं. हा पन्नाशीचा जाडजूड माणूस, देवळाच्या बँडमध्ये मोठा भोंगा वाजवायचा आणि उरलेल्या वेळात लोकांच्या थाळ्या नि डब्या दुरुस्त करायचा. तो आला, दोन नीरफणस खाल्ले, मग आपला लॅपटॉप उघडून बसला.

"मावशी, तुमच्या डबीवर किती मशीनं आहेत?"

"माझं एक. टेलेसियाचं एक, तिच्या दोन्ही मुलींचं एकेक, कॉलेजच्या अभ्यासाला. आणि शेजारी धर्मगुरूंचं एक. ते मी स्वतःहून दिलंय, प्रवचनं उतरवून घेतात बिचारे. पाच."

"इथं सहा दिसतायत."

कालोलाइने खुर्चीवरून उठली. पडद्यावर एकाखाली एक सहा ओळी होत्या. पाच ओळींना नावं होती. सहाव्या ओळीत नुसते आकडे.

"हे कोण?"

"नाव नाही दिलेलं. रोज येत नाही. दर बुधवारी दहाला येतं, पाऊण तास बसतं, जातं. एप्रिलपासून चाललंय." आनितोनीनं हात पुसले. "टाकी एक आणि नळ सहा, मावशी. तुम्ही एकदम सगळे सोडलेत की शेवटच्याला थेंब थेंबच येणार. पण याला पासवर्ड ठाऊक आहे, हे नक्की. कुणीतरी सांगितल्याशिवाय आत येता येत नाही."

कुणीतरी सांगितल्याशिवाय. एवढे शब्द कालोलाइनेला पुरले.

पहिला संशय खाडीतल्या शिडाच्या बोटीवर गेला. एप्रिलपासून तिथे एक दाढीवाला गोरा नांगर टाकून बसला होता. कालोलाइने कमरेला चटई बांधून किनाऱ्यावर गेली आणि गुडघाभर पाण्यात उभी राहून त्याला भरपूर बोलली. त्याला आपली भाषा येत नव्हती. त्यानं हसून मान डोलावली आणि जाताना तिला बिस्किटांचा डबा दिला. डबा तिनं घेतला. दोन दिवसांनी बोट निघून गेली आणि पुढच्या बुधवारी दहा वाजून दहा मिनिटांनी कालोलाइने पुन्हा अडकली. या खेपेला तोंड मिटलेलं होतं, एवढंच.

मग धर्मगुरूंच्या बायकोवर. रविवारी देवळाच्या पायरीवर कालोलाइनेनं तिला गाठलं.

"प्रवचनं बरी उतरतात ना?"

"तुमच्या कृपेनं, बाई."

"नाही, म्हटलं एका मशीनमध्ये मावत नसतील तर दुसरं घेतलं असेल."

ती बाई लालबुंद झाली. त्या सोमवारपासून धर्मगुरूंचं मशीन डबीवरून उतरलं ते उतरलंच. आता पाच ओळी हव्या होत्या. बुधवारी आनितोनीनं फोनवरून सांगितलं, पाचच आहेत, पण पाचवी ती आकड्यांचीच.

राहिलं घर.

घर म्हणजे एकाच कुंपणातली दोन घरं. पुढचं कालोलाइनेचं, मागचं तिच्या धाकट्या भावाचं, पाउलियासीचं. नवरा वारल्यावर ती माहेरच्या जमिनीवर परत आली, तेव्हा पाउलियासीनं स्वतः मागे सरकून पुढची जागा बहिणीला दिली आणि स्वतःच्या हातानं तिचं घर बांधलं. त्यात त्यानं विशेष काही केलं नव्हतं. बहीण मागते, भाऊ देतो. वाडीतलं पहिलं कोनफळ, पहिली मासळी, डुकराचा चांगला भाग बहिणीच्या दारात जातो. भाऊ बहिणीच्या दारातून काही नेत नाही. घर बांधून झाल्यावर तो त्या घरात एकदाही आला नव्हता; मोठा झालेला भाऊ बहिणीच्या घरात पाय ठेवत नाही, तिच्याशेजारी बसून एका पडद्याकडे बघत नाही. दोघं बोलायची ती कामापुरती, अंगणातून, एकमेकांच्या तोंडाकडे न बघता. दर शनिवारी तो पायरीवर टोपली ठेवायचा. "कोनफळं ठेवलीत, अक्का." ती आतून म्हणायची, "बरं." पंचवीस वर्षं एवढंच संभाषण, आणि त्यात कुणाला काही कमी वाटलं नव्हतं.

तेव्हा पाउलियासीवर संशय घ्यायचा प्रश्नच नव्हता. त्याच्याकडे मशीन नव्हतं, आणि असतं तरी ते कुठून उघडायचं हे त्याला कळलं नसतं. संशय टेलेसियावर गेला. टेलेसियाचं माहेर रस्त्यापलीकडे होतं.

"तुझ्या भावाकडे नवीन टीव्ही आलाय म्हणे," कालोलाइने पाती सोलता सोलता म्हणाली.

"आलाय, वन्सं."

"आणि इंटरनेट?"

टेलेसियानं हातातली सुरी खाली ठेवली. "वन्सं, सरळ विचारा. मी पासवर्ड माहेरी दिला का, असंच ना?"

"मी कुठे तसं म्हटलं. तुझ्याच तोंडात आलं."

"तेवीस वर्षं झाली मला या घरात येऊन. तुम्ही माझ्या लग्नातली सगळ्यांत मोठी चटई घेतलीत, मी हूं की चूं केलं नाही. माझ्या पहिल्या मुलीचं नाव तुम्ही ठेवलंत. आणि मी तुमचं वायफाय चोरून भावाला देईन?"

"चटई माझ्या हक्काची होती."

"होतीच. म्हणूनच बोलले नाही."

"मग आता का बोलतेस?"

टेलेसिया उठली. जाता जाता अंगणातून म्हणाली, "माझ्याकडे बघता, तर जरा ह्यांच्याकडेही बघा. दर बुधवारी अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, कमरेला चटई गुंडाळून खोबऱ्याच्या खोपटीत जाऊन बसतात. मी विचारलं तर म्हणतात, प्रार्थना. देऊळ काय पडलंय का?"

कालोलाइनेनं ते ऐकलं आणि तिच्या डोक्यात दुसराच किडा शिरला. घरच्या घरी दारू. पलीकडच्या गावात पुरुष खोपटीत बसून यीस्टची दारू गाळायला लागले होते. पण मग चटई गुंडाळून? वास लपवायला प्रार्थनेचं नाव, आणि प्रार्थनेचं सोंग वठवायला चटई. बरोबर जुळत होतं. खोपटीत डोकावून बघणं तिला शक्य नव्हतं. बहिणीनं तिथे पाऊल टाकायचं नसतं. तिनं ते मनात एका बाजूला ठेवलं. पाउलियासीचं नंतर बघू, आधी चोर.

"पासवर्ड बदल," तिनं आनितोनीला सांगितलं.

जुना पासवर्ड फिपेचा वाढदिवस होता, थाळी धाडताना तिनंच ठरवलेला. नवा कालोलाइनेनं दिला. तो तिनं टेलेसियाच्या आणि दोन्ही मुलींच्या कानात एकेकीला बोलावून सांगितला, आणि प्रत्येकीला बायबलवर हात ठेवायला लावला.

"कुणालाही सांगायचं नाही. माहेरी नाही, देवळात नाही."

"ह्यांनी विचारलं तर?" टेलेसिया म्हणाली.

"तो कशाला विचारेल? आणि विचारलं तर म्हण, अक्काची परवानगी नाही."

टेलेसियानं बायबल मिटून बाजूला ठेवलं. "सांगणार नाही, वन्सं. आता तर मेले तरी सांगणार नाही."

पुढचा बुधवार कसा गेला म्हणून सांगावं. पडदा पाण्यासारखा स्वच्छ. ऑकलंडच्या बायकांच्या नखांवरचा रंग दिसत होता. कालोलाइनेनं दोन तास काठ शिकवला, एकदाही अडकली नाही. शेवटी तिनं कॅमेऱ्यासमोर मुद्दाम तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. "आता बघा डुकरीण कशी चालती-बोलती आहे."

चोर पळाला होता. कोण होता ते कळलं नाही, एवढीच रुखरुख. ती सगळ्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. बुधवारी दहाला कोण तडफडतंय? धर्मगुरूंची बायको तिला टाळत होती. टेलेसियाचा भाऊ रस्त्यात भेटल्यावर वर बघायचा नाही. सगळेच चोरासारखे दिसत होते.

त्या शनिवारी टोपली आली ती अर्धीच. पाउलियासी ती ठेवून लगेच गेला नाही. पायरीच्या खांबाला हात धरून उभा राहिला. आतून तिला त्याची सावली दिसत होती आणि श्वास ऐकू येत होता, लांबून चालत आल्यासारखा. वाडी इथून दोनशे पावलांवर.

"कोनफळं ठेवलीत, अक्का."

"बरं."

रात्री पुरुषांच्या बैठकीत कावा फार प्यायलेला दिसतोय, तिनं मनात म्हटलं. नाहीतर ती खोपटीतली दारू.

आणि रविवारी पाउलियासी देवळात अनवाणी आला. काळा कोट, कमरेला चटई, पाय उघडे. पुरुषांच्या बाकाकडे जाईपर्यंत सगळ्या देवळानं ते पाय बघितले. कालोलाइनेचे कान तापले. दारूपायी बूट विकले असणार. तिनं स्तोत्राचं पुस्तक उघडलं आणि उलटं धरलं.

त्याच्या पुढच्या बुधवारीही पडदा स्वच्छच होता. विणणं संपलं, बायका पांगल्या, ऑकलंडच्या बायकांनीही हात हलवून निरोप घेतला. फिपे एकटी पडद्यात उरली.

"आई, एक विचारू? मामा घरी आहेत का?"

"असेल. का?"

"बरे आहेत ना?"

फिपेनं मामाबद्दल विचारणं नवं नव्हतं. बहिणीच्या मुलीला मामाकडे काहीही मागता येतं, त्याच्या खांद्यावर बसता येतं, त्याच्या ताटातलं उचलता येतं. लहानपणी फिपेनं हे सगळं केलं होतं. पण आज ती विचारताना पडद्याकडे बघत नव्हती.

"फिपे. काय लपवतेस?"

"काही नाही."

"मी तीन वर्षं शाळेत गेले, पण तुझ्या तोंडावरचं वाचायला मला शाळा लागत नाही."

फिपेनं डोळे पुसले. "मामांनी शपथ घातली आहे. सांगितलं तर मशीन विहिरीत टाकीन म्हणालेत."

"कुठलं मशीन?"

"माझं जुनं. मार्चमध्ये सामानाचं पिंप धाडलं ना, त्यात तांदळाच्या पिशवीखाली त्यांच्यासाठी ठेवलं होतं. पासवर्डही मीच सांगितला." ती थांबली. "आई, त्यांचं हृदय मोठं झालंय. अंगात पाणी साठतं. मी साफसफाई करते त्या दवाखान्यातले डॉक्टर चांगले आहेत. ते म्हणाले, दर बुधवारी दहाला मी त्यांना पडद्यावर बघेन. पाय दाखवायला लावतात, श्वास मोजतात, आणि त्यावरून आठवड्याच्या गोळ्या ठरवतात. एप्रिलपासून मामांनी एक बुधवार चुकवला नव्हता. इस्त्रीचा शर्ट घालून बसायचे. आता दोन बुधवार आलेच नाहीत. फोनवर म्हणाले, मशीन बिघडलंय. गेल्या बुधवारी तर गोळ्या वाढवायच्या होत्या."

कालोलाइनेनं लॅपटॉप जवळ ओढला.

"मी म्हटलं होतं, आईला सांगते, आईचं वेळापत्रक बदलता येईल. तर म्हणाले, भाऊ बहिणीच्या घरातून काही मागत नाही. म्हणाले, मी रेंज मागत नाहीये, ती भिंतीतून आपोआप येते, त्यात मागणं नाही."

पडद्यावर फिपे रडत होती आणि कालोलाइनेचा चेहरा कोपऱ्यातल्या लहान चौकोनात तसाच होता. यावेळी अडकलेला नव्हता.

"डॉक्टरांना सांग," ती शेवटी म्हणाली. "उद्या बघतील का म्हणावं. बुधवारची वाट न बघता."

"बघतील. पण आई, तू मामांना काही बोलू नकोस. तुला कळलं हे कळलं तर…"

"मला तू शिकवू नकोस, माझ्या भावाशी कसं बोलायचं ते."

लॅपटॉप मिटून ती बराच वेळ ओसरीवर बसली. नवा पासवर्ड टेलेसियाकडून पाठवणं सोपं होतं. पण ते म्हणजे बहिणीच्या दारातलं भावाच्या ओंजळीत टाकणं; तो घेणार नव्हता, आणि घेतला असता तर तिला तो पाउलियासी वाटला नसता. तिनं अंगणात बघितलं. मागच्या घराच्या पायरीखाली त्याचे काळे बूट जोडीनं ठेवलेले होते. विकलेले नव्हते. त्यात पाय मावत नव्हते.

दुपारी आनितोनी आला.

"ही थाळी काढ," कालोलाइने म्हणाली. "छप्पर गळायला लागलंय हिच्यानं."

"मावशी, छप्पर तर पत्र्याचं आहे. पाऊसही…"

"गळतंय म्हटलं ना. मागच्या घरावर बसव. डबीही तिकडेच लाव, त्याच्या खोलीत. आणि पासवर्ड नवा टाक. कुठला, ते त्या घरच्या मालकाला विचार."

"आणि तुमचं?"

"माझं मी मागून घेईन. भाऊ आहे माझा."

आनितोनीनं तिच्याकडे बघितलं, मग मुकाट्यानं शिडी लावली.

तासाभरानं ती अंगणात गेली, मागच्या घराकडे पाठ करून उभी राहिली, आणि शेजाऱ्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "टेलेसिया, तुझ्या नवऱ्याला सांग, बहिणीला इंटरनेट पाहिजे. त्याच्या घरातलं. आजच्या आज."

आत खुर्ची सरकली. मग जड पावलांचा आवाज दारापर्यंत आला आणि थांबला.

"हो, अक्का," पाउलियासी म्हणाला.

थोड्या वेळानं टेलेसिया एक कागद घेऊन आली. त्यावर मोठ्या अक्षरांत पासवर्ड लिहिला होता. कालोलाइनेनं तो एकेक अक्षर लावत वाचला. फिपेचा वाढदिवस, तोच जुना.

टेलेसिया जायला वळली, पण गेली नाही. "वन्सं, मला आत्ताच सांगितलं त्यांनी. त्यांनी माझ्याकडे एकदाही मागितला नाही पासवर्ड. मागितला असता तर…" ती अडखळली. "तर मी दिला नसता. मी बायबलवर हात ठेवला होता."

"मला माहीत आहे," कालोलाइने म्हणाली. तिनं दुसरं काही म्हणायला तोंड उघडलं, आणि मिटलं. मग म्हणाली, "आता काहीतरी कारण सांगून विणणं गुरुवारी करायचं, बुधवार मोकळा ठेवायचा. कॅमेऱ्यासमोर तू बस. काठ तुला चांगला येतो."

बुधवारी दहा वाजता ती ओसरीवर एकटीच होती. पडदा बंद. मागच्या घराकडे तिची पाठ होती, तशीच असायला हवी होती. खिडकीतून परक्या माणसाचा आवाज आला, मग टेलेसियाच्या मोठ्या मुलीचा, त्याचं बोलणं वडिलांना समजावून सांगणारा. "श्वास घ्या, बाबा. अजून. आता धरून ठेवा."

कालोलाइनेची बोटं पातींवर थांबली. बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही.

"सोडा," मुलगी म्हणाली.

कालोलाइनेनं श्वास सोडला आणि पात आतल्या अंगाला मोडली. चटई पुरुषाच्या कमरेची होती, नेहमीच्या मापाची, आणि आज संपायची होती. पण भावाच्या कमरेचं माप बहिणीला विचारता येत नाही. तिनं नव्या पाती ओढून घेतल्या आणि काठ न धरता चार बोटं आणखी रुंद विणायला घेतली.